‘हॅव’ कसे वापरावे: मराठी भाषकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मराठीत मालकी, नाते, आजार आणि अवयव हे सारे आपण ‘असणे’ या एकाच क्रियापदावर निभावून नेतो. बदलतो तो फक्त प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘तिचे नाशिकला घर आहे’, ‘त्याला ताप आहे’, ‘टेबलाला चार पाय आहेत’ या पाचही वाक्यांत ज्याचे काही आहे तो कर्ता नाही. कर्ते आहेत भाऊ, सायकल, घर, ताप आणि पाय, आणि म्हणूनच क्रियापद त्यांच्या वचनाप्रमाणे ‘आहे’ किंवा ‘आहेत’ होते. इंग्रजीत ही सगळी वाक्ये ‘हॅव’ने होतात आणि तिथे मालक स्वतः कर्त्याच्या जागी येऊन बसतो. ‘माझ्या भावाला दोन मुलगे आहेत’ याचे इंग्रजी ‘माय ब्रदर हॅज टू सन्स’ असे होते. मुलगे दोन असले तरी भाऊ एकच आहे, म्हणून ‘हॅज’. नवशिका विद्यार्थी येथे ‘हॅव’ लिहितो तो बहुधा नियम ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर मराठीच्या सवयीने त्याची नजर मुलग्यांवर गेल्यामुळे.

अडचण इतकीच असती तर हा लेख एका परिच्छेदात संपला असता. परंतु हेच क्रियापद जेवण्यासाठी, सक्तीसाठी, पूर्ण झालेल्या क्रियेसाठी आणि दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या कामासाठीही वापरले जाते. ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ एवढेच पाठ केलेल्या माणसाला ‘आय हॅव टू गो’ किंवा ‘शी हॅड हर हेअर कट’ ही वाक्ये कोड्यासारखी वाटतात. त्यामुळे अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी ‘हॅव’च्या पुढे काय आले आहे ते पाहण्याची सवय लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थ जवळजवळ नेहमी पुढच्या शब्दाने ठरतो.

पहिली पायरी: रूपे पक्की करा

या क्रियापदाची रूपे चारच आहेत: हॅव, हॅज, हॅड आणि हॅविंग. वर्तमानकाळात ही, शी, इट किंवा कोणतेही एकवचनी नाम कर्ता असेल तर ‘हॅज’. आय, यू, वुई, दे आणि अनेकवचनी नामे यांच्यासाठी ‘हॅव’. भूतकाळात सर्वांसाठी ‘हॅड’, आणि क्रियापदाचे तिसरे रूपही ‘हॅड’च.

चुका होतात त्या कर्ता ओळखण्यात. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ हा कर्ता एकवचनी आहे, कारण त्यातला मुख्य शब्द ‘वन’ आहे. म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज अ कार’. ‘एव्हरीवन’ म्हणजे सगळे, तरीही तो व्याकरणाने एकवचनी, म्हणून ‘एव्हरीवन हॅज अ टिकेट’. ‘न्यूज’ आणि ‘फर्निचर’ यांनाही ‘हॅज’ लागते. याउलट ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी चालतो: ‘द पोलीस हॅव अरेस्टेड टू मेन’.

दुसरी गोष्ट अशी की ‘डझ’ किंवा ‘डिड’ वाक्यात आले, की काळ आणि वचन दाखवण्याचे काम ते करतात आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. म्हणून ‘डझ शी हॅव अ पासपोर्ट?’ आणि ‘ही डिड नॉट हॅव टाइम’ ही वाक्ये बरोबर. ‘डझ शी हॅज’ आणि ‘डिड नॉट हॅड’ ही चूक. विल, कॅन, मस्ट, शुड यांच्यानंतरही ‘हॅव’च येते, मग कर्ता कोणीही असो.

दुसरी पायरी: ‘हॅव’च्या पुढचा शब्द तपासा

वाक्य वाचताना ‘हॅव’वर थांबू नका, एक पाऊल पुढे जा. पुढे नुसते नाम असेल तर अर्थ मालकीचा किंवा एखाद्या कृतीचा असतो. पुढे ‘टू’ आणि मूळ क्रियापद असेल तर सक्ती किंवा गरज. पुढे क्रियापदाचे तिसरे रूप असेल तर पूर्ण झालेली क्रिया. आणि पुढे आधी नाम व त्यामागून तिसरे रूप आले असेल तर काम दुसऱ्याकडून करवून घेतलेले असते.

यासोबत आणखी एक कसोटी जवळ ठेवावी. प्रश्न करताना किंवा नकार देताना ‘डू’ची मदत लागते का? पूर्ण झालेल्या क्रियेच्या वाक्यात ‘हॅव’ हे सहायक क्रियापद असल्याने ते स्वतःच उचलून कर्त्याच्या आधी ठेवता येते: ‘हॅव यू सीन माय कीज?’ बाकी सर्व ठिकाणी ते मुख्य क्रियापदासारखे वागते आणि ‘डू’ मागते: ‘डू यू हॅव अ पेन?’, ‘डू यू हॅव टू गो?’, ‘डिड यू हॅव द रूफ रिपेअर्ड?’ जुन्या ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत ‘हॅव यू अ पेन?’ असा मालकीचा प्रश्न भेटतो. तो चुकीचा नाही, पण आज रोजच्या बोलण्यात तो फारसा ऐकू येत नाही.

तिसरी पायरी: मालकीचे ‘हॅव’ आणि ‘आय अॅम हॅविंग’चा मोह

मालकी, नाते, गुणधर्म आणि आजार ही स्थिती असते, चालू असलेली कृती नव्हे. म्हणून ती सांगताना ‘हॅविंग’ वापरत नाहीत. ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ किंवा ‘वुई आर हॅविंग अ हाउस इन सातारा’ अशी वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. प्रमाण इंग्रजीत ती ‘आय हॅव टू ब्रदर्स’ आणि ‘वुई हॅव अ हाउस इन सातारा’ अशीच हवीत. डोकेदुखीलाही तोच नियम लावणे उत्तम: ‘आय हॅव अ हेडेक’.

मराठीतला ‘कडे’ आणि ‘जवळ’ यांमधला सूक्ष्म भेद इंग्रजीत ‘हॅव’ एकट्याने दाखवू शकत नाही. ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ आणि ‘आत्ता माझ्याजवळ पैसे नाहीत’ यांतील दुसऱ्या वाक्यासाठी शेवटी ‘विथ मी’ किंवा ‘ऑन मी’ जोडावे लागते: ‘आय डोन्ट हॅव एनी मनी ऑन मी’.

आजारांसाठी ‘हॅव’ चालते, पण शरीराला होणाऱ्या साध्या जाणिवांसाठी इंग्रजी ‘बी’ वापरते. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय अॅम हंग्री’. येथे एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे: ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे, आणि ‘आय अॅम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे. दवाखान्यात या दोहोंची अदलाबदल झाली तर डॉक्टर पांघरूण देतील किंवा गोळी, एवढाच काय तो फरक.

बोलण्यात, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत, ‘आय हॅव’ऐवजी ‘आय हॅव गॉट’ आणि त्याचे आखूड रूप ‘आयव्ह गॉट’ फार वापरतात. अर्थ तोच राहतो. याचा प्रश्न ‘हॅव यू गॉट अ पेन?’ असा होतो, तिथे ‘डू’ लागत नाही. हे रूप वर्तमानकाळापुरते ठेवावे. भूतकाळातल्या मालकीसाठी साधे ‘आय हॅड अ सायकल’ पुरते.

जाता जाता एक सूचना. शंका विचारताना आपण वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो आणि भारतात ते सर्वांना समजतेही. भारताबाहेर मात्र त्याचा अर्थ ‘तुमच्या म्हणण्यावर माझा पुरता विश्वास नाही’ असा घेतला जाण्याची शक्यता असते. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे.

चौथी पायरी: कृतीचे ‘हॅव’

‘हॅव लंच’, ‘हॅव टी’, ‘हॅव अ बाथ’, ‘हॅव अ रेस्ट’, ‘हॅव अ लुक’, ‘हॅव अ चॅट’, ‘हॅव अ गुड टाइम’ यांत कोणाच्या मालकीचे काही नाही. खाणे, पिणे, अंघोळ करणे, विसावा घेणे, पाहणे, गप्पा मारणे, मजा करणे असा नामामागचा क्रियार्थ येथे महत्त्वाचा असतो आणि ‘हॅव’ नुसते वाहकाचे काम करते. मराठीत ‘अंघोळ करणे’, ‘झोप घेणे’, ‘गप्पा मारणे’ यांत ‘करणे’, ‘घेणे’ आणि ‘मारणे’ जे काम करतात तेच हे काम. कोणत्या नामाला कोणते क्रियापद लागते याला मराठीत जसा तर्क नाही तसा इंग्रजीतही नाही. ‘हॅव अ बाथ’ ब्रिटनमध्ये अधिक, तर ‘टेक अ बाथ’ अमेरिकेत अधिक चालते.

ही कृती असल्यामुळे येथे ‘हॅविंग’ बिनधास्त वापरता येते. ‘दे आर हॅविंग लंच’ म्हणजे ते जेवत आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतला फरक एका जोडीत नेमका दिसतो: ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला तान्हे मूल आहे, तर ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल होणार आहे किंवा ती बाळंत होत आहे. त्यामुळे ‘हॅविंग’ कधीच वापरू नये असा सरसकट नियम कोणी शिकवला असेल तर तो सोडून द्यावा. ‘असणे’ या अर्थी नको, ‘करणे’ किंवा ‘होणे’ या अर्थी हवे, एवढे पाहिले की पुरते.

पाचवी पायरी: ‘हॅव टू’ आणि त्याचा फसवा नकार

‘मला जावे लागेल’, ‘तिला रोज औषध घ्यावे लागते’, ‘आम्हाला थांबावे लागले’ या वाक्यांतील ‘लागणे’ म्हणजे ‘हॅव टू’: ‘आय विल हॅव टू गो’, ‘शी हॅज टू टेक मेडिसिन एव्हरी डे’, ‘वुई हॅड टू वेट’. सक्ती परिस्थितीची असो वा नियमाची, हे रूप चालते, आणि ‘मस्ट’ला या अर्थाचे स्वतःचे भूतकाळी रूप नसल्यामुळे भूतकाळात ‘हॅड टू’ वापरावे लागते. उच्चारात ‘हॅव टू’चे ‘हॅफ्टू’ आणि ‘हॅज टू’चे ‘हॅस्टू’ होते. ऐकताना हे ओळखता आले नाही तर सोपे वाक्यही निसटते.

खरी काळजी घ्यायची ती नकारात. होकारार्थी वाक्यात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळचे असले तरी नकारार्थी वाक्यात ते दोन टोकांना जातात. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे तू यायचे नाहीस, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे तू आला नाहीस तरी चालेल, येण्याची गरज नाही. मराठीतले ‘तुला यायला नको’ हे वाक्य सुरानुसार दोन्हीकडे झुकू शकते, म्हणून भाषांतरापूर्वी आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावे लागते. कार्यालयीन पत्रात ही चूक महागात पडते: ‘मूळ कागदपत्रे आणण्याची आवश्यकता नाही’ असे लिहायचे असताना ‘मस्ट नॉट ब्रिंग’ लिहिले, तर वाचणारा ती मुद्दाम घरी ठेवून येईल.

सहावी पायरी: पूर्ण झालेली क्रिया

‘हॅव’पुढे तिसरे रूप आले की अर्थ बदलतो, पण तो मालकीपासून पूर्णपणे तुटलेला नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘हब्बन’ असे होते आणि ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे’ अशा धर्तीची रचना त्यात होती. हळूहळू शब्दांचा क्रम बदलला, मालकीचा अर्थ विरला आणि ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ उरला: ‘आय हॅव रिटन द लेटर’. क्रिया मागे झाली, पण तिचे फळ आत्ता हातात आहे, ही भावना या रचनेत अजूनही टिकून आहे. ती भावना कळली की पुढचे नियम आपोआप सुसंगत वाटू लागतात.

क्रियेचा संबंध ‘आत्ता’शी असल्यामुळे संपलेली वेळ सांगणारा शब्द तिच्यासोबत बसत नाही. मराठीत ‘मी हा सिनेमा कालच पाहिला आहे’ हे निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत ‘आय हॅव सीन दिस फिल्म यस्टरडे’ चालत नाही. ‘काल’ आले की साधा भूतकाळ येतो, ‘आय सॉ दिस फिल्म यस्टरडे’. लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१५ या सर्वांना हाच नियम. वेळ सांगायची नसेल किंवा ती अजून संपली नसेल, तर ‘हॅव’ हवे: ‘आय हॅव सीन दिस फिल्म’, ‘वुई हॅव हॅड थ्री मीटिंग्ज दिस वीक’. ब्रिटिश वापरात ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ यांच्यासोबत ‘हॅव’ची अपेक्षा असते, अमेरिकी बोलण्यात ‘आय ऑलरेडी एट’ असा साधा भूतकाळही रूढ आहे.

यानंतरची अडचण अधिक हट्टी आहे. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ या वाक्यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, कारण राहणे चालू आहे. त्याच्या मागोमाग ‘आय अॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ असे वाक्य तोंडून निघते, आणि त्यात एकाऐवजी दोन चुका असतात. भूतकाळात सुरू होऊन आत्तापर्यंत चालत आलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला ‘हॅव’ लागते: ‘आय हॅव लिव्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स’. आणि ‘सिन्स’ सुरुवातीचा क्षण सांगते, ‘फॉर’ कालावधी सांगते: सिन्स २०१४, सिन्स मंडे, सिन्स दिस मॉर्निंग, पण फॉर टेन इयर्स, फॉर टू अवर्स. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ यांना एकच ‘पासून’ पुरतो, म्हणून येथे दरवेळी थांबून विचार करावा लागतो.

‘बीन’ आणि ‘गॉन’ यांच्या बाबतीत मात्र मराठी आपल्या मदतीला येते. ‘ही हॅज गॉन टू गोवा’ म्हणजे तो गोव्याला गेला आहे, अजून तिथेच आहे किंवा वाटेत आहे. ‘ही हॅज बीन टू गोवा’ म्हणजे तो गोव्याला जाऊन आला आहे. ‘गेला आहे’ आणि ‘जाऊन आला आहे’ हा फरक आपण रोज करतो; तोच येथे बसवावा. यावरून हेही लक्षात येईल की स्वतःबद्दल, समोरच्याशी घरी बसून बोलताना, ‘आय हॅव गॉन टू गोवा’ म्हणणे विसंगत आहे.

आता ‘हॅड’ अधिक तिसरे रूप. मराठीत ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ म्हणताना ‘होतो’मधून गेलो आणि परतही आलो, ही गोष्ट मागे पडली, असे सूचित होते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ असे काही सुचवत नाही. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी घटना घडली होती, एवढेच ते सांगते: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. आधी गाडी सुटली, मग मी पोहोचलो. ज्याच्याशी तुलना करायची ती दुसरी घटना वाक्यात किंवा संदर्भात नसेल, तर ‘हॅड’ला काही काम नसते. म्हणून ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ऐवजी ‘आय वेंट टू नाशिक यस्टरडे’. मराठी भाषकांच्या लिखाणात ही चूक इतकी पसरलेली आहे की आपला मजकूर तपासताना प्रत्येक ‘हॅड’पाशी ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले नाही तर तो ‘हॅड’ खोडावा. ‘शी हॅड हॅड हर डिनर बिफोर वुई केम’ यात दोन ‘हॅड’ पाहून बिचकू नका: पहिला सहायक, दुसरा जेवण्याच्या अर्थाचे तिसरे रूप.

‘शुड हॅव’, ‘कुड हॅव’, ‘मस्ट हॅव’ हीही याच कुटुंबातली. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ म्हणजे तू मला सांगायला हवे होतेस. ‘ही मस्ट हॅव फरगॉटन’ म्हणजे तो विसरला असणार. बोलताना येथला ‘हॅव’ इतका आखूड होतो की तो ‘ऑफ’सारखा ऐकू येतो, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही कधी कधी ‘शुड ऑफ’ असे लिहून बसतात. ते चूकच आहे.

सातवी पायरी: काम करवून घेणे

शब्दांच्या क्रमावर अर्थ कसा अवलंबून असतो हे या रचनेइतके कुठेच स्पष्ट दिसत नाही. ‘आय हॅड रिटन द लेटर’ म्हणजे पत्र मी लिहिले होते. ‘आय हॅड द लेटर रिटन’ म्हणजे पत्र मी दुसऱ्याकडून लिहवून घेतले. नाम मध्ये आले आणि लिहिणारा हात बदलला. ‘वुई हॅड द रूफ रिपेअर्ड बिफोर द मॉन्सून’ म्हणजे पावसाळ्यापूर्वी आम्ही छप्पर दुरुस्त करून घेतले. मराठीत ‘मी केस कापले’ असे म्हटले तरी न्हाव्याने कापले हे ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे कात्री स्वतःच्या हातात होती. न्हाव्याकडे गेला असाल तर ‘आय हॅड माय हेअर कट’.

काम करणाऱ्या माणसाचा उल्लेख करायचा असेल तर माणूस आधी आणि त्यापुढे मूळ क्रियापद: ‘आय हॅड द प्लंबर चेक द टॅप’. येथे ‘टू’ येत नाही. हीच रचना नकोशा घटनेसाठीही वापरतात. ‘शी हॅड हर पर्स स्टोलन’ याचा अर्थ तिने पर्स चोरवून घेतली असा नसून तिची पर्स चोरीला गेली असा आहे. कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंग सांगतो.

‘हॅड बेटर’बद्दल दोनच शब्द: रूप भूतकाळाचे, अर्थ आत्ताचा. ‘यू हॅड बेटर सी अ डॉक्टर’ म्हणजे तू डॉक्टरकडे गेलेलेच बरे. यात न ऐकल्यास परिणाम भोगावे लागतील अशी धार असते, म्हणून वरिष्ठांना सल्ला देताना ते टाळावे.

आठवी पायरी: स्वतःची परीक्षा

पुढील वाक्यांचे आधी कागदावर इंग्रजी करावे आणि मगच उत्तरे वाचावीत. एक, ‘आम्ही घराला रंग लावून घेतला.’ दोन, ‘माझी बहीण २०१९ पासून या शाळेत शिकवते.’ तीन, ‘त्यांचे जेवण झाले आहे का?’ चार, ‘मी गेल्या वर्षी पासपोर्ट काढला होता.’ पाच, ‘तिला इंजेक्शन घ्यावे लागणार नाही.’ सहा, ‘तुम्हाला वेळ आहे का?’

पहिल्याचे ‘वुई हॅड द हाउस पेंटेड’; ‘वुई पेंटेड द हाउस’ लिहिले असेल तर रंगाचा ब्रश तुमच्याच हातात आला. दुसऱ्याचे ‘माय सिस्टर हॅज बीन टीचिंग इन दिस स्कूल सिन्स २०१९’. ‘हॅज टॉट’ही चालेल, ‘इज टीचिंग’ नाही. तिसऱ्याचे ‘हॅव दे हॅड लंच?’, ज्यात पहिले सहायक आणि दुसरे जेवणाचे. चौथ्यात ‘गेल्या वर्षी’ आहे आणि दुसरी घटना नाही, म्हणून ‘हॅड’ नको: ‘आय गॉट माय पासपोर्ट लास्ट इयर’. पाचव्याचे ‘शी वोन्ट हॅव टू हॅव अॅन इंजेक्शन’ असे होते आणि त्यात गरजेचे व कृतीचे असे दोन्ही ‘हॅव’ एकामागून एक येतात. कानाला खटकत असेल तर दुसऱ्याच्या जागी ‘गेट’ ठेवावे. सहाव्याचे ‘डू यू हॅव टाइम?’ लिहावे आणि ‘टाइम’च्या आधी ‘द’ घालू नये, कारण ‘डू यू हॅव द टाइम?’ असे विचारले तर समोरचा माणूस घड्याळ पाहून किती वाजले ते सांगेल.